चांदीवरील शिक्का आणि व्यापाऱ्याची पत

आम्ही धान्याचे ठोक व्यापारी. चांदीच्या काट्याचमच्यांवर लिहिण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर तो प्रश्न अगदी रास्त होईल. आमचे उत्तर इतकेच की, पोत्यात सळई खुपसून वानगी काढणारा आणि कसोटीच्या दगडावर रेघ ओढणारा हे दोघेही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधीत असतात. वर दिसते तेच आत आहे काय, हा तो प्रश्न होय. रविवार पेठेत आमचे सारे आयुष्य याच एका प्रश्नात गेले. तेव्हा सराफ बंधूंच्या अंगणात थोडे पाऊल टाकले, तर ते आम्हांस क्षमा करतील अशी आशा आहे.

विषय काढण्याचे निमित्त असे. गेली काही वर्षे आपल्या सभासदांत चांदीवरील हॉलमार्कची गोष्ट निघाली की दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "आमची पेढी तीन पिढ्यांची, आमचा शब्द हाच आमचा शिक्का. परक्या खुणेची आम्हांस गरज काय?" दुसरा पक्ष म्हणतो, "कायद्याने सक्ती होईल त्या दिवशी पाहू. तोवर कशाला खर्च वाढवा?" या दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत आणि दोघांच्याही सचोटीविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. तरीही, शिक्का ही वस्तू मुळात कशासाठी जन्मास आली याचा विचार दोघांनीही केलेला नाही, असे आमचे नम्र मत आहे. तो विचार करण्यास इंग्लंडातील जुन्या चांदीच्या चमच्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. कारण त्याच्या पाठीवर सातशे वर्षांचा अनुभव कोरलेला आहे.

ही वस्तू आपल्या मुलखास अगदीच परकी नाही. बेळगावास ब्रिटिशांची लष्करी छावणी होती. गोव्यात पोर्तुगीज वळणाच्या घरांत मेजावर काटेचमचे मांडण्याची रीत होती. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात तर जेवणाच्या मेजावरून फिरणारी चांदीची छोटी आगगाडी पाहुण्यांना आजही दाखवितात. अशा घरांतून निघालेले काटेचमचे केव्हा ना केव्हा सराफाच्या तराजूत येतात, आणि त्यांवरील बारीक खुणा कोणी वाचल्या नाहीत तर मोड म्हणून थेट मुशीत जातात. म्हणून प्रथम त्या खुणा वाचाव्यात कशा, हे सांगतो.

चमचा पालथा करावा आणि भिंग घ्यावे. सुमारे १७८० पर्यंतच्या इंग्रजी चमच्यांवर शिक्के दांड्याच्या खालच्या अंगास, वाटीजवळ, दाटीवाटीने मारलेले आढळतात. त्यानंतरच्या चमच्यांवर ते दांड्याच्या वरच्या टोकाकडे सरकले. नुसत्या जागेवरूनही वयाचा पहिला अंदाज बांधता येतो. त्यानंतर एकेक चिन्ह पाहावे. उजवा पंजा उचलून चालणारा सिंह दिसला तर चांदी 'स्टर्लिंग', म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध. उरलेले ७५ भाग बहुधा तांबे. दुसरे चिन्ह गावाचे: बिबट्याचे मुख असेल तर लंडन, नांगर असेल तर बर्मिंगहॅम, किल्ला असेल तर एडिंबरो. शेफील्डचे चिन्ह १९७५ पर्यंत मुकुट होते. पुढे ते गुलाब झाले. लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावरही १८२१ पर्यंत मुकुट असे. तो नंतर उतरला. तिसरे चिन्ह म्हणजे चौकटीतील एकच अक्षर. ते वर्षाचे. चौथे चिन्ह कारागिराच्या नावाची आद्याक्षरे. आणि १७८४ ते १८९० या काळातील मालावर बहुधा पाचवे चिन्ह असते, ते राजाच्या किंवा राणीच्या मस्तकाचे. ते चांदीवरील कर भरल्याची पावती होय.

वर्षाच्या अक्षराविषयी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. लंडनमध्ये वीस वर्षांची एक फेरी असे आणि फेरी संपली की पुन्हा पहिल्या अक्षरापासून आरंभ होई. म्हणून तेच अक्षर दर वीस वर्षांनी भेटते. केवळ अक्षराचे वळण आणि भोवतीच्या ढालीचा आकार बदललेला असतो. अक्षर ओळखले आणि ढाल पाहिली नाही, तर विसाचाळीस वर्षांचा घोळ होतो. प्रत्येक गावाची फेरीही निराळी. यास्तव आधी गाव, मग अक्षर, हा क्रम सोडू नये.

आता या खुणा आल्या कोठून, ते पाहू. कारण आमच्या मताचा आधार तेथे आहे. १३०० साली इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने कायदा करून चांदीच्या मालाचा कस नाण्याच्या कसाइतकाच असला पाहिजे असे ठरविले. सोनारांच्या मंडळीतील प्रमुखांनी दुकानोदुकानी जाऊन माल तपासावा आणि उतरेल त्यावर बिबट्याच्या मुखाचा ठसा मारावा, अशी व्यवस्था केली. १३६३ साली प्रत्येक कारागिराने स्वतःचीही खूण मारावी असा नियम झाला. म्हणजे करणारा कोण हे मालावरच उमटले. तथापि एवढ्याने भागले नाही. ज्याने तपासले त्यानेच डोळेझाक केली तर काय करावयाचे, हा प्रश्न उरलाच.

त्या प्रश्नाचे उत्तर १४७८ साली सापडले. हलक्या कसाच्या मालावर ठसा पडला तर त्याचा दोष मंडळीच्या माथी येऊ लागला, तेव्हा मंडळीने पगारी परीक्षक नेमला, सर्व माल आपल्या सभागृहात आणून तपासण्याचा नियम केला आणि प्रत्येक वर्षासाठी एक अक्षर ठरवून दिले. सभागृहास इंग्रजीत 'हॉल' म्हणतात. 'हॉलमार्क' हा शब्द त्यावरून रूढ झाला. आज संग्राहक ज्या अक्षरावरून चमच्याचे वय काढतात आणि किंमत वाढवितात, ते अक्षर वय कळावे म्हणून जन्मले नव्हते. हा माल खोटा निघाला तर त्या वर्षी तपासणीस कोण होता, हे शोधून त्याला जाब विचारता यावा म्हणून ते जन्मले. सिंहाचे चिन्ह त्यानंतर, १५४४ साली आले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे अशी आमची विनंती आहे. कारागिराची खूण म्हणते, "हे मी केले." सिंह म्हणतो, "याचा कस हा." गावाची खूण म्हणते, "हे येथे तपासले." आणि ते एवढेसे अक्षर म्हणते, "तपासणाऱ्यासही आम्ही सोडलेले नाही." विकणाऱ्याच्या शब्दाचा यात कोठेही अपमान नाही. ज्याला त्या मालात नफा नाही अशा तिसऱ्याची साक्ष तेवढी शब्दाच्या जोडीस उभी केली आहे, आणि त्या साक्षीदारावरही पहारा बसविला आहे. विशेष हे की, कायदा राजाचा असला तरी अंमल व्यापाऱ्यांच्याच मंडळीने चालविला. सोनारांच्या त्या मंडळीस १३२७ साली राजाची सनद मिळाली होती. आपल्यासारख्या एका मंडळाने आपल्याच सभासदांचा माल तपासावा आणि उणा निघाल्यास तो मोडून टाकावा, ही गोष्ट लहान नव्हे. अशा करारीपणामुळेच त्यांचा ठसा परमुलखातही चालला.

जेथे शिक्क्यास मोल आले तेथे खोटा शिक्काही आला, हे सांगावयास नकोच. १७२० साली इंग्लंडात चांदीवर एका औंसास सहा पेन्स असा कर बसला. काही कारागिरांनी युक्ती काढली: एखादी लहानशी वस्तू तपासून घ्यावयाची, तिच्यावरील शिक्क्यांचा तुकडा कापावयाचा आणि तो मोठ्या, न तपासलेल्या भांड्यात डाक देऊन बसवावयाचा. कर बुडाला आणि तपासणीही चुकली. १७५८ मध्ये तो कर उठविला गेला. पण खोट्या शिक्क्याचा धाक सरकारला इतका वाटे की त्या सुमारास त्या गुन्ह्यास देहान्ताची शिक्षा ठेवली होती. १७७३ मध्ये ती चौदा वर्षांच्या काळ्या पाण्यावर आली. आपल्या परंपरेत यासाठी वेगळे नाव शोधावे लागत नाही. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत तत्त्वार्थसूत्राने खोट्या वजनामापांच्या शेजारीच राज्याच्या नियमांचे उल्लंघन आणि 'प्रतिरूपक व्यवहार', म्हणजे खऱ्यासारखा दिसणारा खोटा माल चालविणे, यांची गणना केली आहे. लंडनच्या त्या कारागिरांनी एका तुकड्यात दोन अतिचार साधले होते.

काट्याचमच्यांत फसवणुकीचे प्रकार आणखी आहेत. जुने काटे चमच्यांपेक्षा कमी उरले आहेत. म्हणून जुन्या चमच्याची वाटी कापून तिला दाते पाडतात आणि शिक्के खरे असले तरी काटा खोटा असतो. साधा जुना चमचा घेऊन व्हिक्टोरिया राणीच्या काळी त्यावर फळांची नक्षी उठविली जाई आणि वाटीस सोन्याचे पाणी दिले जाई. शिक्का जुना, नक्षी मागाहूनची. तिसरा प्रकार ओतीव मालाचा. खऱ्या चमच्याचा साचा घेऊन चमचे ओतले की शिक्केही साच्यातून उतरतात. ते ओळखण्याची खूण सोपी आहे. हाताने मारलेला शिक्का प्रत्येक चमच्यावर थोडा इकडेतिकडे, थोडा उथळ किंवा खोल पडतोच. एका संचातील बाराही चमच्यांवर शिक्के केसाइतकाही फरक न पडता एकाच जागी दिसले, आणि शेजारचा ओरखडाही बारा ठिकाणी तोच आढळला, तर तेथे हात आखडता घ्यावा. धान्यातही सर्व दाणे एकाच मापाचे दिसले की आम्ही वानगी दोनदा काढतो.

सर्वांत अधिक लोक फसतात ते मुलाम्याच्या मालात. १७४३ च्या सुमारास शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर याने तांब्यावर चांदीचा पत्रा जोडून लाटण्याची रीत काढली. १८४० मध्ये एल्किंग्टन यांनी विजेच्या साहाय्याने चांदीचे पाणी चढविण्याचा हक्क मिळविला. तेव्हापासून जर्मन सिल्व्हरचे काटेचमचे घरोघर झाले. जर्मन सिल्व्हर हे नाव ऐकून भुलू नये. त्यात तांबे, जस्त आणि निकेल असते. चांदी रतिभरही नसते. लोहचुंबक त्याला धरीत नाही, म्हणून चुंबकाची परीक्षाही येथे निरुपयोगी. अशा मालावर 'ई पी एन एस' ही चार इंग्रजी अक्षरे असतात. अनेक कारखानदार ती चार स्वतंत्र ढालींत, जुन्या वळणाने मारीत. घाईच्या नजरेस तो चार शिक्क्यांचा हॉलमार्कच वाटतो. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने अडचणीच्या वेळी असा एक संच चांदी समजून अडचणीवरचा उपाय म्हणून जपून ठेविला होता. तो विकताना देणाऱ्याने चांदीचा भाव घेतला होता. बाजारात नेला तेव्हा हाती पितळेच्या मोलाचेही काही आले नाही. चार अक्षरे वेळीच वाचली असती तर त्या घरातील मुलीच्या शिक्षणास ठेवलेला पैसा वाचला असता. म्हणून लक्षात ठेवावे: सिंह नाही, तर थांबावे. वाटीची पाठ मेजावर घासून मुलामा उडालेला आहे काय, खालून पिवळट वा करडा धातू डोकावतो काय, तेही पाहावे. सुऱ्यांच्या बाबतीत आणखी एक सूचना: त्यांच्या मुठी पातळ पत्र्याच्या असून आत राळ भरलेली असते आणि पाते पोलादाचे असते. तराजूत चढते ते सारे चांदी नव्हे.

इतर देशांच्या खुणा निराळ्या आहेत. त्यांतील दोनतीनच सांगतो. फ्रान्समध्ये १८३८ पासून मिनर्व्हा देवीचे मस्तक. जर्मनीत १८८८ पासून चंद्रकोर व मुकुट, जोडीला ८०० सारखा आकडा. पोर्तुगालमध्ये १८८७ पासून रानडुकराचे आणि १९३८ पासून गरुडाचे मस्तक. गोव्याच्या बंधूंना ही खूण उपयोगी पडावी. अमेरिकेत सरकारी तपासणी नाही. तेथे 'स्टर्लिंग' हा शब्द कारखानदारच मारतो. तेथील गोरहॅम कंपनी सिंह, नांगर आणि आपले आद्याक्षर अशी तीन चिन्हे मारीत असे. नांगर दिसला म्हणून तो चमचा बर्मिंगहॅमचा ठरत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. ब्रिटिश अमदानीत येथे चांदीचे उत्तम काम होत होते. कलकत्त्याची हॅमिल्टन आणि कंपनी, मद्रासची पी. ऑर आणि सन्स, कच्छ-भुजचे उमरसी मावजी यांचे काम आज जगभरचे संग्राहक शोधतात. परंतु येथे तपासणीची कचेरी नव्हती. म्हणून या वस्तूंवर केवळ करणाऱ्याची खूण आढळते, आणि काहींवर इंग्रजी शिक्क्यांच्या धर्तीवर मारलेली हत्तीसारखी चित्रे. काम खरे, चांदीही बहुधा चांगली. साक्ष मात्र एकट्या करणाऱ्याची. आपल्या घरच्या ताटवाट्या, पेले आणि पळी-पंचपात्रे यांची स्थिती तर याहून निराळी. त्यांवर नाव घालण्याची रीत आहे. पण ते नाव देणाऱ्याचे किंवा घेणाऱ्याचे. आजोळाने दिले हे भांडे सांगते. कोणी घडविले आणि कस काय, हे सांगत नाही. मोडीला नेल्यावर कस कळतो, तेव्हा आजी नसते आणि पुष्कळदा तो सराफही नसतो.

"आमचा शब्द हाच शिक्का" म्हणणाऱ्या बंधूंस आमचे उत्तर येथे आहे. त्यांचा शब्द खरा आहे, पण तो त्यांच्या हयातीपुरता आणि त्यांच्या गावापुरता आहे. भांडे शंभर वर्षे टिकते. ते बेळगावात घेतलेले इंदुरास जाते, वडोदऱ्यास जाते, लेकीसुनांच्या हाती फिरते. तेथे आपल्या पेढीचे नाव कोणास ठाऊक? शब्द माणसाबरोबर जातो. शिक्का वस्तूबरोबर राहतो. आम्ही धान्यवाल्यांनी हे कधीच मान्य केले आहे. आमच्या वजनांवर सरकारी मोहोर असते आणि ठरावीक मुदतीने ती नवी करून घ्यावी लागते. १९३७ च्या कायद्याने शेतमालास ॲगमार्क आला. त्यामुळे प्रामाणिक आडत्याची पत बुडाली, असे आमच्या पेठेत कोणी म्हणत नाही. उलट मोहोर नसलेले वजन दुकानात दिसले तर गिऱ्हाईकच पायरी उतरते.

दुसऱ्या पक्षास, म्हणजे सक्तीची वाट पाहणाऱ्यांस, आम्ही एवढेच सांगतो. आपल्या देशात भारतीय मानक संस्थेने सोन्यासाठी हॉलमार्क २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू केला. सोन्यास तो १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. चांदीसाठी १ सप्टेंबर २०२५ पासून प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र क्रमांक देण्याची पद्धत आली, तेव्हाही ती ऐच्छिकच ठेवण्यात आली. त्या क्रमांकावरून नग कोणत्या केंद्रात तपासला, कोणत्या नोंदणीकृत सराफाचा आणि कस किती, हे गिऱ्हाईक आपल्या भ्रमणध्वनीवर पडताळू शकते. १४७८ च्या त्या एका अक्षराचे काम आज हे सहा अक्षर-अंक करीत आहेत. सक्तीने मारलेला शिक्का सर्वांच्याच मालावर सारखा. त्यात व्यापाऱ्याचे विशेष ते काय? जो आपखुशीने आपला माल तिसऱ्यापुढे ठेवतो, त्याचीच पत त्यातून वाढते. ही संधी सक्ती येईपर्यंतच आहे.

लहान सराफास खर्च आणि हेलपाटे पडतात, ही तक्रार मात्र खरी आहे. तपासणी केंद्र दूर असेल तर पैंजणाच्या चार जोडांसाठी कोण जाईल? येथेच मंडळाचे काम आहे. चारआठ सभासदांचा माल एकत्र पाठविण्याची सोय मंडळाने करावी; मोठ्या पेढ्यांनी त्याचा भार थोडा अधिक उचलावा. जेथे ते शक्य नाही तेथे निदान प्रत्येक पावतीवर कस आकड्यांत लिहावा. "शुद्ध चांदी" एवढे मोघम लिहू नये. जुने परदेशी काटेचमचे मोडीस आले तर तोलण्यापूर्वी त्यांवरील खुणा वाचून मालकास सांगाव्यात. कारण त्यांची किंमत मोडीपेक्षा कितीतरी अधिक असू शकते आणि मुशीत गेलेले परत येत नाही. अडल्यानडल्या विधवेची पेटी असेल तर हे कर्तव्य दुप्पट समजावे. मंडळाच्या वाचनालयात एक चांगले भिंग आणि इंग्रजी वर्षाक्षरांचे एक पुस्तक ठेवावे. त्यास फार पैसा लागणार नाही.

या सूचनांवर येत्या वार्षिक सभेत विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे. दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या परक्या कारागिराचे नाव आज बेळगावातील सराफास भिंगातून वाचता येते. आपण आज विकलेल्या वाटीवरून आपले नातू आपल्याविषयी काय वाचतील, ते ठरविणे अद्याप आपल्याच हाती आहे.